क्युसेक, निळी रेषा आणि मीटर रूम

पुण्यात जुलै लागला की माणसं क्युसेकमध्ये, म्हणजे खडकवासला धरणातून किती पाणी सोडलं त्या मापात, बोलायला लागतात. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, सकाळी फिरायला येणारे आजोबा, सगळे. 'आत्ता किती सोडलंय?' 'बावीस.' 'मग भिडे पूल गेला असेल.' हजार हा शब्द कोणी उच्चारतच नाही, तो धरलेलाच असतो. आणि मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणं हे आपल्याकडे संकट वगैरे नाहीच, लोक लकडी पुलावर गाड्या लावून व्हिडिओ काढतात, पोलिस शिट्ट्या मारून हाकलतात, पाच मिनिटांनी परत तेवढीच गर्दी.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा एक भाचा (मावसबहिणीचा मुलगा, आयटीत आहे) नदीकाठी फ्लॅट बघतोय. ब्रोशरवर रिव्हर व्ह्यू लिहिलंय. मला फोन करून म्हणाला, 'मावशी तू बँकेत होम लोनचं बघायचीस ना, ते पूररेषेचं नक्की काय असतं गं, साइटवरचा माणूस म्हणतोय आपण रेषेच्या बाहेर आहोत, टेन्शन नाही.' फोनवर अर्धा तास बोलले तरी संपेना, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढते. आणि खरं सांगायचं तर बँकेत असताना आम्ही टायटल, सर्च रिपोर्ट, एनए (बिगरशेती परवानगी), कम्प्लीशन सगळं बघायचो पण पूररेषेचा कॉलम आमच्या फॉर्मवर नव्हताच. वीस वर्षांचं कर्ज द्यायचं आणि खाली नदी आहे का ते बघायचं नाही, असा कारभार.

तर आधी रेषा. महाराष्ट्रात दोन असतात, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्या पुराची लाल. ह्या रेषा जलसंपदा खातं आखतं (पूर्वीचं पाटबंधारे), नियम १९८९ च्या परिपत्रकापासून आहेत. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे बांधकाम नाही, बागा, मैदानं, शेती अशा मोकळ्या गोष्टी चालतात. निळी ते लाल ह्यामध्ये बांधता येतं पण अटींवर, म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट वर पाहिजे वगैरे. केंद्राने पूरक्षेत्रासाठी नमुना कायदा करून राज्यांना पाठवला होता १९७५ साली, मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी तो केला, आपल्याकडे मात्र परिपत्रकं आणि विकास नियमावली यावरच काम चालतं.

आता भाच्याला जो भ्रम आहे तो जवळपास सगळ्यांना असतो, की पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं हो. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. मागच्या वर्षी आला म्हणून ह्या वर्षी ती कमी होत नाही. होम लोन वीस वर्षांचं धरलं तर निळ्या रेषेवरच्या घरात त्या वीस वर्षांत निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता छप्पन्न टक्के होते. निम्म्याहून जास्त! लाल रेषेवर असाल तर अठरा टक्के. हे गणित कोणीही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकतं, ०.९६ ला वीसदा गुणायचं आणि एकातून वजा करायचं. बँकेत आम्ही अठरा टक्के एनपीए (बुडीत कर्ज) होईल अशा शाखेला टाळंच लावलं असतं. त्यामुळे 'आपण निळ्या रेषेच्या बाहेर आहोत' याचा अर्थ 'पाणी येणार नाही' असा अजिबात नाही, परवानगी मिळू शकते एवढाच आहे.

आणि हे सुद्धा कागदावरची रेषा जमिनीवरच्या नदीशी जुळत असेल तरच. तिथेच तर सगळी गंमत आहे.

२५ जुलै २०२४. सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तो दिवस. माझा दादा त्याच भागात राहतो, नदीपासून थोडं अलीकडे, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, खाली पार्किंग आणि वर मजले. आदल्या रात्री खडकवासल्यातून पाणी सोडायला सुरुवात होतीच, रात्रीतून ते वाढवत वाढवत नेलं आणि सकाळपर्यंत ३५ हजारांवर गेलं. दादाच्या ग्रुपवर मेसेज आले, नाही असं नाही, पण पहाटे तीन-चारला मेसेज कोण वाचतं. वॉचमनने बेल वाजवली तेव्हा पार्किंगमध्ये गुडघाभर होतं. दादा गाडी काढायला खाली गेला आणि पाच मिनिटांत नुसताच वर आला, म्हणाला मरू दे गाडी. थोड्या वेळात स्कूटर पाण्यावर तरंगायला लागल्या आणि एकमेकींना धडकायला लागल्या, वहिनी सांगते की तो आवाज अजून डोक्यातून जात नाही, आणि कोणत्यातरी गाडीचा हॉर्न अडकून नुसता वाजत राहिलेला. लाइट बंद, लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर एक ऑक्सिजनवरच्या काकू. पुढे लष्कराचे जवान आले, बोटी आल्या, एकतानगरीतून लोकांना बोटीतून बाहेर काढलं.

त्याच पहाटे डेक्कनला पुलाची वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तीन तरुण मुलं गेली. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाहून जाणारी माणसं येतात, पण शहरातल्या पुरात साचलेलं पाणी आणि चालू वीज हे जास्त भयंकर असतं. ह्या वाक्यावर मी परत येणार आहे, मीटर रूमसाठी.

पाणी उतरल्यावर दादाकडे गेले होते आवरायला. भिंतीवर सरळ पट्टीने मारल्यासारखी चिखलाची रेघ, माझ्या खांद्याच्या थोडी खाली. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी तसंच, पंप लावलेला. मीटर रूम खालीच, जिन्याच्या बाजूला, सगळे मीटर गाळाने भरलेले. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाचा फ्रिज आडवा होऊन किचनच्या दारात अडकलेला, तो बाहेर काढायला चार जण लागले. आणि वास. नदीचं पाणी म्हणजे आपल्याकडे ड्रेनेजचं पाणी हे सगळ्यांना माहितीच आहे, ते घरात आलं की काय होतं ते मात्र बघितल्याशिवाय कळत नाही.

तर मुद्दा असा की ३५ हजार क्युसेक हा काही शंभर वर्षांतला आकडा नाही. पंचवीस वर्षांतला पण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून ४५ हजारांच्या आसपास पाणी सोडलं होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. ३५ हजार म्हणजे सेकंदाला दहा लाख लिटरच्या घरात, आपल्या सोसायट्यांना येतो तो दहा हजार लिटरचा टँकर, तसे शंभर टँकर दर सेकंदाला. आकडा मोठा वाटतो, आहेच मोठा, पण मुठेला तो नवीन नाही. मग दर थोड्या वर्षांनी येणाऱ्या पाण्यात घरं बुडत असतील तर एक तर ती घरं निषिद्ध पट्ट्यात आहेत, नाहीतर नदी पूर्वी जेवढं पाणी मुकाट्याने नेत होती तेवढं आता नेत नाही. माझ्या मते दोन्ही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सिंहगड रोडचा बराच भाग बांधला गेला तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, नाहीतर गुंठेवारी, नाहीतर नुकतीच हद्दीत आलेली गावं, रेषा नंतर नीट आखल्या गेल्या. लोकांनी फसवून घरं घेतली असं नाही, कागद होते, स्टॅम्प होते, टॅक्स पावत्या आहेत. आता त्यांना तुम्ही नदीत राहता असं ऐकवणं सोपं आहे.

दुसरं जास्त चीड आणणारं आहे. नदी अरुंद झाली कशी? कोणी एका रात्रीत केली नाही. रात्री ट्रक येतो, राडारोडा ओततो, जातो. वर्षभराने त्याच्यावर जेसीबी फिरतो, सपाट होतं, पत्र्याचं कंपाउंड येतं, मग तिथे नर्सरी, मग लॉन्स, मग लॉन्सच्या मागे पक्का हॉल. म्हात्रे पूल ते राजाराम पूल डीपी रोडला लग्नाला कोण गेलं नाहीये, मी पण गेलेय, जेवलेय, नदीच्या बाजूने छान वारा येतो. महापालिकेने तिथे कारवाई केली की दोन दिवस पेपरात फोटो येतात, पुढच्या सीझनला परत झगमगाट. आणि फक्त खाजगी लोक करतात असंही नाही. विठ्ठलवाडीपासून हायवेपर्यंत नदीच्या कडेने रस्ता करायला घेतला होता, भराव टाकून, त्यावर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि २०१३ मध्ये लवादाने निळ्या रेषेतला भराव काढायला सांगितला. म्हणजे रेषा सांभाळायची ज्यांची जबाबदारी त्यांनाच कोर्टाने रेषा दाखवायची. पात्रातला रस्ता, मेट्रोचे खांब, प्रत्येकासाठी कोणीतरी अहवाल देतो की ह्याने पातळी अमुक सेंटीमीटरच वाढेल. प्रत्येकाचे सेंटीमीटर वेगळे मोजले जातात, पाणी मात्र सगळ्यांचे एकत्र मोजतं.

बरं आता धरणाकडे बघू कारण २०२४ नंतर सगळ्यात जास्त शिव्या धरणवाल्यांना पडल्या. पुण्याच्या वर चार धरणं, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि सगळ्यात खाली खडकवासला. चारी मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट), पण खडकवासला एकटं दोन टीएमसी सुद्धा नाही, १.९७. वरच्या तिघांचं पाणी तिथे येतं आणि तिथूनच शहरात. एवढं छोटं भांडं की वरून ३५ हजार क्युसेकने पाणी येत असेल तर रिकामं खडकवासला पंधरा-सोळा तासांत काठोकाठ. आणि जुलैच्या शेवटी ते रिकामं कुठे असतं. २०२४ ला वरची तीन धरणं पूर्ण भरलेली नव्हती, पाणी आलं ते मधल्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं, वरच्या धरणांनी अडवायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे खडकवासल्याच्या गेटवर बसलेल्या माणसाच्या हातात फार काही उरत नाही, येईल तेवढं खाली सोडायचं. आधीच दोन दिवस थोडं थोडं सोडून जागा करून ठेवायची हा उपाय आहे, पण मग पाऊस दगा देऊन गेला तर तेच पेपरवाले लिहिणार की प्यायचं पाणी नदीत सोडलं. शहराला पाणी प्यायला पण त्याच धरणातून लागतं. मला त्या माणसाची कीव येते खरं म्हणजे.

पण कळवणं हातात होतं ना? किती वाजता किती सोडणार, त्याने कुठल्या गल्लीत किती पाणी चढणार, हे दोन वेगवेगळ्या ऑफिसांना अर्धं अर्धं माहिती. क्युसेक जलसंपदा खात्याला माहिती, गल्ली महापालिकेला माहिती. '३५ हजार सोडत आहोत, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हा मेसेज दादाला आला होता, त्यातून त्याला काय कळणार? त्याला कळायला पाहिजे होतं की तुमच्या पार्किंगमध्ये पहाटे चार वाजता कमरेएवढं पाणी येणार आहे, आत्ता गाड्या काढा. एवढ्या वर्षांच्या नोंदी आहेत, कुठल्या विसर्गाला कुठल्या पायरीला पाणी लागतं हे नदीकाठच्या टपरीवाल्याला तोंडपाठ असतं, ते नकाशावर आणायला कितीसं अवघड आहे. नंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोटं दाखवली, त्यात नवल नाही.

आणि नुसती नदी धरून चालत नाही, ओढे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते? खडकवासल्याचा त्यात काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस, आणि आंबील ओढा पद्मावती, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल सगळं घेऊन गेला. शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली त्या रात्री, कित्येक जण सीमाभिंती पडून. सोसायटीची सीमाभिंत ओढ्याच्या अंगावर बांधलेली, पाणी आधी तिच्यामागे तुंबतं आणि मग भिंतीसकट येतं. आंबील ओढ्याला तसं पुण्याने फार पूर्वीपासून हलवलंय, पेशवाईत नानासाहेबांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं, तळ्यातला गणपती म्हणजे आजची सारसबाग. पण त्यांनी वळवताना त्याला जायला जागा ठेवली. आपण त्याला वरून स्लॅब टाकला, बाजूने भिंती घातल्या, चार ठिकाणी काटकोनात फिरवला, मोऱ्या अशा केल्या की एक गादी अडकली तरी तुंबेल, आणि पुरात गादी येतेच.

मग २०२१ च्या जूनमध्ये ओढा सरळ करायचा म्हणून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर बुलडोझर गेले, भर पावसाळ्यात, करोना चालू असताना, बायका-पोरं रस्त्यावर, शेवटी कोर्टाने स्थगिती दिली. ओढ्याला जागा पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण जागा करायची वेळ आली की पहिला नंबर झोपडीचा लागतो आणि लॉन्सवाल्याचा नंबर तारखांमध्ये फिरत राहतो, हे बघून डोकं फिरतं.

पुण्याने लोकांना नदीपासून हलवायचं काम एकदा केलंय, हे लोक विसरतात. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि मग खडकवासला फुटलं. आमची आजी नारायण पेठेत होती, वाड्याच्या माळवदावर रात्र काढली, खाली सगळं संपलेलं. पुराच्या आठवणी घराघरात आहेत, त्यावर खूप लिहिलंय लोकांनी, मी ते परत सांगत नाही. मला सांगायचंय ते पुढचं. नदीकाठच्या पेठांमधले हजारो लोक नंतर लांब उंचावर हलवले गेले, सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर ही नावं त्यातूनच आली, पूरग्रस्तांच्या सोसायट्या, छोटे प्लॉट, छोटी घरं. आजोबांना सहकारनगरात घर मिळालं तेव्हा तिथे संध्याकाळी सातनंतर जायला लोक घाबरायचे इतकं ओसाड. आजी शेवटपर्यंत कुरकुरत होती की पेठेतून काढून जंगलात टाकलं. पण तिच्या घरात परत कधी पाणी आलं नाही.

म्हणजे सरकारला मनात आणलं तर लोकांना जागा देऊन हलवता येतं. पण झालं असं की पानशेत हे 'धरण फुटलं' या खात्यात जमा झालं. फुटलेलं धरण परत बांधलं, प्रश्न मिटला. त्या पाण्याने शहराला एकदा नीट आखून दाखवलं होतं की सखल भाग कुठपर्यंत आहे, पण तो अपघाताचा नकाशा म्हणून बाजूला ठेवला आणि मोकळ्या झालेल्या काठावर हळूहळू परत शहर आलं.

माझी पुतणी अमेरिकेत ओक्लाहोमात असते, टल्सा नावाचं गाव. मोठं शहर आहे पण आपल्या मानाने गावच. तिच्याकडे गेले होते तेव्हा घराजवळ एक फुटबॉलचं मैदान होतं, रस्त्यापासून चांगलं दीड-दोन पुरुष खाली, हिरवंगार, मुलं खेळतायत. मी म्हटलं एवढं खोल का खणलंय? तर म्हणाली ते मैदान नाहीच आहे काकू, तळं आहे, पाऊस झाला की त्यात पाणी साठवतात, एरवी पोरं खेळतात. मग मी जरा वाचलं. त्या गावात १९८४ च्या मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी एका रात्रीत एवढा पाऊस झाला की ओढ्यांच्या पुरात १४ माणसं गेली. त्याआधीही सारखे पूर यायचे. त्यानंतर त्यांनी सरळ सर्वांत वाईट भागातली घरं मोठ्या प्रमाणावर विकत घेतली, रीतसर पैसे देऊन, आणि पाडून तिथे मोकळी जागा ठेवली. आत्तापर्यंत हजाराच्या आसपास इमारती अशा काढल्यात. पावसाच्या पाण्याचं सगळं एका खात्याकडे दिलं, आणि त्यासाठी दर महिन्याच्या बिलात वेगळी रक्कम येते, ज्याचं छत आणि पार्किंग मोठं त्याला जास्त. दुसऱ्या कशाला ते पैसे वापरत नाहीत. नवीन बांधकाम करायचं तर तुझ्या प्लॉटमुळे खाली जास्त पाणी जाणार नाही हे दाखवावं लागतं.

फार हुरळून जायला नको, २०१९ मध्ये त्यांच्या वरच्या कीस्टोन धरणातून २ लाख ७५ हजार क्युसेक सोडावं लागलं तेव्हा तिथे पण नदीकाठची घरं बुडालीच, जुने बांध टिकतात की नाही म्हणून सगळे जीव मुठीत धरून होते. पण ओढ्यांचं काम त्यांनी केलं ते केलं. आपल्याकडे हजार घरं विकत घ्यायची म्हणजे काय भाव होईल हे मला कळतं, सिंहगड रोडचा रेट मला माहितीये. म्हणूनच जी जागा अजून मोकळी आहे ती तरी मोकळी ठेवा ना. तीच सगळ्यात स्वस्त. हद्दीत तीसहून जास्त गावं नवीन आलीयत, तिथले ओढे अजून उघडे आहेत, रामनदीचा वरचा भाग, देवनदी, कात्रजच्या पलीकडचे नाले. उद्या तिथे पण स्लॅब पडले की परवा बोटी लागणार.

महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल मला लोक विचारतात. ४४ किलोमीटर, मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून, दोन्ही काठांना बांध, फिरायला रस्ते, बंडगार्डनच्या बाजूला झालेलं काम मी जाऊन बघितलं. दिसायला छान आहे, संध्याकाळी गर्दी असते, कोणी खोटं का बोलावं. करणारे म्हणतात की अडथळे काढले, पात्र गुळगुळीत केलं की पुराची पातळी उलट कमी होईल. विरोध करणारे म्हणतात की काठ आत घेतला तर पाणी चढणारच, आणि हे आकडे वरचा पाऊस वाढत चाललाय हे न धरता काढलेत. मी इंजिनिअर नाही. पण एक गोष्ट मला बँकेत शिकवली होती, की ज्याला कर्ज पाहिजे त्याच्याच माणसाने केलेलं व्हॅल्युएशन घ्यायचं नाही. पुराचा हिशोब प्रकल्पाच्या बाहेरच्या कोणीतरी, खुलेपणाने, नव्याने करावा. पूररेषा नव्याने आखण्यासाठी लोक उच्च न्यायालयात गेलेत तेही ह्याचसाठी. आणि तो हिशोब होईपर्यंत काठावर काँक्रीट ओतायची एवढी घाई कशाला?

आता भाच्यासाठी, कारण तो म्हणेल मावशी एवढं वाचलं पण घेऊ का नको ते सांगितलंच नाहीस. साइटवरच्या माणसाचं ऐकू नकोस, झोन दाखला काढ, आणि डीपीच्या (विकास आराखड्याच्या) नकाशावर दोन्ही रेषा कुठून जातात ते बांधकाम विभागात जाऊन बघ, ब्रोशरमधल्या नकाशावर नाही. निळ्याच्या आत असेल तर चर्चाच नको. मधल्या पट्ट्यात असेल तर जोत्याची पातळी विचार, बेसमेंट पार्किंग आहे का विचार, असेल तर तिथून पाणी काढायचे पंप कशावर चालणार ते विचार, कारण लाइट पहिली जाते. मागच्या बाजूला सीमाभिंतीपलीकडे ओढा आहे का बघ, पावसाळ्यात बघ, उन्हाळ्यात तो गवताखाली असतो. शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनला वीस रुपयांचा चहा पाज आणि विचार २०१९ ला आणि २०२४ ला पाणी कुठपर्यंत होतं. त्याच्याइतका खरा अहवाल तुला कुठलंच ऑफिस देणार नाही. आणि मीटर रूम, जनरेटर, लिफ्टचं पॅनेल कुठल्या मजल्यावर आहे ते बघ. जमिनीवर असेल तर बिल्डरने पुराचा विचार केलेला नाही, बाकी ब्रोशरमध्ये काहीही लिहू दे.

दादाच्या सोसायटीत ह्याच मीटर रूमवरून अजून भांडण चालू आहे. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं की मीटर पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये घ्यायचे, इलेक्ट्रिशियनने कोटेशन पण दिलं. मग एजीएममध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे म्हणायला लागले की आमच्याकडे पाणी येत नाही, आम्ही सारखं काँट्रिब्यूशन का द्यायचं. एकाने असंही सुचवलं की आता रिडेव्हलपमेंट होणारच आहे तर आत्ता खर्च कशाला. रिडेव्हलपमेंटचं कोणालाच नक्की माहिती नाही, निळ्या रेषेत किती एफएसआय (बांधकामाची मुभा) मिळणार, टीडीआर (ती मुभा दुसरीकडे वापरायचा हक्क) देणार का, रोज नवीन बातमी. दादा वैतागून सेक्रेटरीपद सोडून आला. तळमजल्यावरच्या त्या फ्रिजवाल्या कुटुंबाने शेवटी स्वतःच्या पैशाने आपल्या एकट्याचा मीटर वर घेतला, आणि आता त्यांना सोसायटीची नोटीस आलीय की कॉमन पॅसेजमध्ये परवानगीशिवाय बोर्ड का बसवला.